खेळ चांगला आहे, पण नोंद होईल का?

पणजी

प्रिय बाय,

त्या नव्या पटावरच्या खेळाची विकिपीडियावर नोंद करायला लिहिलेला तुझा मसुदा दोनदा वाचला. खेळ चांगला आहे हे पटलं. पण विकिपीडियावर त्याची नोंद टिकेल की नाही, हे चांगलेपणावर ठरत नाही. खेळाशी काही देणंघेणं नसलेल्यांनी त्याच्याविषयी सविस्तर, तपासता येईल असं लिहिलंय का, एवढंच बघायचं. उल्लेखनीयता म्हणतात ती हीच.

मसुद्याखाली अकरा संदर्भ दिलेस. पेन्सिल घे आणि एकेक खोडत जा. निर्मात्याचं संकेतस्थळ आणि निधी जमवायचं पान ही त्याची स्वतःची बाजू. पेटीत सोंगट्या किती, एवढं सांगायला ती चालतील, उल्लेखनीयतेला नाही. दुकानांची तीन पानं गेली. बोर्डगेमगीक या पटखेळांच्या संकेतस्थळावरची माहिती खेळाडूच भरतात, म्हणून तीही गेली, क्रमांक कितीही वरचा असला तरी. आता वर्तमानपत्रांतल्या तीन बातम्या शेजारी ठेवून वाच. तिन्हींत दुसरं वाक्य शब्दशः तेच आहे, निर्मात्याचं म्हणणंही तेच. म्हणजे एकच प्रसिद्धिपत्रक तीन ठिकाणी छापलंय. तिन्ही खोड. चित्रफितीतल्या परीक्षकाला खेळ फुकट मिळालाय, आणि ते त्याने सुरुवातीलाच सांगितलंय. तीही खोड.

उरला पुरवणीतला लेख. तो खरा. लिहिणारीने खेळ खेळून पाहिलाय, डाव कुठे रेंगाळतो तेही लिहिलंय. असा दुसरा, वेगळ्या हातचा आणि शक्यतो वेगळ्या वेळचा लेख मिळाला, तर पुढे जाऊ. किती लेख हवेत याचा पक्का आकडा नाही, पण एकावर नोंद सहसा तग धरत नाही. जर्मनीतल्या ‘श्पील देस यारेस’सारखं, 1979पासून परीक्षक मंडळ वर्षातल्या उत्तम खेळाला देत आलेलं पारितोषिक मिळालं असतं तर काम सोपं झालं असतं, कारण अशा खेळावर इतर लोक लिहितातच.

शोध अर्धवट टाकू नकोस. गोव्यातलं बरंच छापील साहित्य जालावर नाही. पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात जा, दिवस काढून. खेळाचं नाव मराठी, देवनागरी कोकणी आणि रोमी (रोमन लिपीतली) कोकणी अशा तिन्ही लेखनांत शोध. रोमीत ‘श’साठी एक्स येतो आणि ‘ळ’साठी बहुधा दोन एल, त्यामुळे एकाच वर्णरचनेवर विसंबलीस तर हाती काही लागणार नाही. लेख सापडला की वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान, लेखकाचं नाव लगेच उतरव. नुसत्या कात्रणाच्या छायाचित्रात तारीख नसते, आणि तारखेविना संदर्भ कुणाला तपासता येत नाही.

मग कसोटी: उरलेल्या लेखांवरूनच, पदरचं काही न घालता, खेळ कुणी केला, कसा खेळतात आणि लोकांनी त्याला कसं स्वीकारलं, एवढं लिहून बघ. पाच-सहा वाक्यांत अडलीस, तर नोंद करू नकोस. खेळांच्या मोठ्या लेखात संदर्भासह एक वाक्य घाल आणि खेळाच्या नावाचं पुनर्निर्देशन तिकडे कर, म्हणजे ते नाव शोधणारा थेट त्या लेखावर पोचेल. मसुदा धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या तुझ्या कच्च्या पानावर, राहू दे. पुढच्या वर्षी दुसरा लेख आला तर तोच उचलायचा.

जुन्या खेळांना वेगळीच अडचण असते. नवकांकरीचा पट म्हणजे एकात एक तीन चौकोन, 24 बिंदू, प्रत्येकाच्या नऊ सोंगट्या. त्यावर लिहिलेलं मिळतं. पण एखाद्या आजीने तुला कोपरे तिरके जोडून बारा सोंगट्यांचा डाव शिकवला, तर तो थेट विकिपीडियावर घालू नकोस. तिथे त्याला मूळ संशोधन म्हणतात आणि ते काढलं जातं. ते वाया मात्र घालवू नकोस. पटाची आकृती काढ, गाव आणि तारीख लिही, आजीची परवानगी घे आणि एखाद्या नियतकालिकाला तुझ्या नावाने लेख पाठव. छापून आला की संदर्भ म्हणून तो तू स्वतः लावू नकोस. विकिपीडियावर प्रत्येक लेखाला संपादकांनी बोलायचं चर्चा पान असतं, तिथे सुचव, दुसरं कुणी तपासून घालेल.

तुझ्या मसुद्यातल्या खेळाचा निर्माता तुझ्या ओळखीचा आहे, हेही त्या नोंदीच्या चर्चा पानावर आधी लिही. नंतर कळलं तर चांगल्या संदर्भांवरही संशय येतो.

ग्रंथालयातून आलीस की पुरवणीतल्या लेखाची प्रत घेऊन ये. खेळाच्या नियमांचा परिच्छेद तेवढ्यावर उभा राहतो का, ते बसून बघू.

तुझा,
काका