विकिपीडियावरचा मजकूर दुसऱ्या लेखात वापरताना श्रेय कसे द्यावे?

दोन्ही लेख विकिपीडियावरच असले तरी श्रेय द्यावेच लागते. मजकूर मुक्त असला तरी तो बेवारस नसतो. ज्यांनी तो लिहिला त्यांचा हक्क त्यांच्याकडेच राहतो. विकिपीडियावरचा मजकूर ज्याखाली प्रसिद्ध होतो त्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.०’ या मुक्त परवान्याने आपल्याला फक्त वापरायची मुभा मिळते, आणि नामनिर्देश ही त्यातली अट आहे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे संपादन सारांश, म्हणजे लेखातला बदल जतन करताना लिहायची छोटी नोंद. तिथे ‘[[अमुक लेख]] मधून मजकूर घेतला, लेखकांसाठी त्या लेखाचा इतिहास पाहावा’ एवढे दुव्यासह लिहा. लेखकांची नावे मूळ लेखाच्या इतिहासात, म्हणजे त्यातल्या आजवरच्या बदलांच्या यादीत, असतातच, म्हणून दुवा पुरतो. इंग्रजी लेखाचे भाषांतर केले असेल तरी हेच करायचे, कारण भाषांतर हीसुद्धा त्याच मजकुरावर आधारलेली कृती आहे. ही गोष्ट फार जण विसरतात आणि मूळ लेखकांची मेहनत नकळत आपल्या नावावर जमा होते. मला हे खरोखर खटकते.

सारांश लिहायचा राहिला? तो नंतर बदलता येत नाही, पण लेखात एखादा किरकोळ बदल करून त्या वेळच्या सारांशात श्रेय नोंदवता येते. लेखाच्या चर्चापानावरही टीप ठेवा.

लेखाच्या शेवटी संदर्भ दिले म्हणजे हे श्रेय दिले असे होत नाही; संदर्भ माहितीचा असतो, श्रेय शब्दांचे. चित्रांचा परवाना मात्र वेगळा असू शकतो, तो प्रत्येक चित्राच्या पानावर पाहून घ्या.