किडनीच्या बायोप्सीत फायब्रोसिस आलाय, मायक्रोआरएनए टेस्ट करावी का?

गोव्यातल्या काणकोणहून तुम्ही लिहिलंय की बाबांच्या किडनीच्या बायोप्सीत फायब्रोसिस आलाय, म्हणजे किडनीत जखम भरल्यावर राहतात तसे कडक व्रण, आणि कुणीतरी लघवीची महागडी मायक्रोआरएनए टेस्ट सुचवलीय. वाचलं आणि आईचे दिवस आठवले, म्हणून सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुमच्या नेफ्रोलॉजिस्टचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचा.

माझं मत, आत्ता नको. क्रिएटिनिन, युरिन प्रोटीन वगैरे किडनीच्या नेहमीच्या टेस्ट तुम्हाला माहीतच असणार. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचे आरएनएचे तुकडे, त्यांच्यापासून प्रोटीन बनत नाही पण कुठलं प्रोटीन किती बनू द्यायचं ते ठरवण्यात त्यांचा हात असतो. किडनीत टीजीएफ-बीटा हे व्रण वाढवणारं प्रोटीन वाढलं की मायक्रोआरएनए-२१ वाढतो आणि व्रणाला खतपाणी घालतो, आणि कोलॅजनला, म्हणजे व्रण ज्याचा बनतो त्या प्रोटीनला, आवर घालणारा मायक्रोआरएनए-२९ नेमका तेव्हाच कमी होतो. उंदरांत २१ काढून टाकला तर व्रण कमी झाले हे खरंय, पण त्यालाच अडवणारं लाडेमिर्सन नावाचं औषध अल्पोर्ट या किडनीच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटना देऊन पाहिलं आणि फायदा होईलसं दिसेना म्हणून २०२२ मध्ये ती ट्रायल थांबवली. मग रिपोर्टमध्ये २१ वाढलेला आला तरी डॉक्टर गोळी कुठली बदलणार, सांगा!

त्यापेक्षा बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे लॅबमध्ये जपून ठेवलेला तुकडा, सांभाळा. प्लास्टिकची छोटी चौकोनी कॅसेट, वर नंबर, मेणात शेवयीएवढा तुकडा. आईचा ब्लॉक आम्हाला दुसऱ्या मतासाठी मुंबईला पाठवायचा होता. लॅबच्या काउंटरवर आज साहेब नाहीत, उद्या अर्ज आणा, अर्ज नेला तर पेशंटचीच सही हवी, आई तेव्हा ॲडमिट, सही आणली तर म्हणे ब्लॉक सापडत नाही. सॉरीसुद्धा नाही! तोवर किडनी इतकी आकसली होती की पुन्हा बायोप्सी करायला डॉक्टर तयार होईनात, रक्तस्रावाची भीती. आजही आठवलं की डोकं तापतं.

मायक्रोआरएनए आखूड असल्यामुळे मेणातल्या तुकड्यात वर्षानुवर्षं बऱ्यापैकी टिकतात, म्हणजे उद्या खरंच कामाची टेस्ट निघाली तर हाच ब्लॉक लागेल. नुसत्या स्लाइड्स (तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या) देऊन बोळवण करतील, ऐकू नका, ब्लॉकचा नंबर आजच लिहून घ्या आणि अर्जाच्या कॉपीवर शिक्का मारून घ्या.

आणि बाबा गुडघ्यासाठी फार्मसीतून परस्पर डायक्लोफेनॅक, म्हणजे किडनीला त्रास देऊ शकणारी दुखण्यावरची गोळी, आणत असतील तर ते आधी बंद. तुमच्या भागात किडनीचे पेशंट बरेच आहेत, त्यामुळे घरात कुणाला बीपी-शुगर नसली तरी सगळ्यांचं क्रिएटिनिन एकदा बघून घ्या.