मीठ कमी पडले की अधिवृक्क ग्रंथीत काय घडते?

प्रश्न : आमच्या दुभत्या गाई भिंती आणि माती चाटतात. आहारात मीठ कमी पडत असावे, असे पशुवैद्यकांचे मत पडले. मीठ कमी पडल्याने अधिवृक्क म्हणजे अॅड्रिनल ग्रंथी थकते, असे वाचनात आले. ते खरे आहे का?
– एक पशुपालक, जि. सांगली

उत्तर : मूत्रपिंडाजवळची ही ग्रंथी थकत नाही, उलट तिचा सर्वांत बाहेरचा पातळ थर अधिक जोमाने कामाला लागतो. मधला थर कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी लागणारे संप्रेरक (हार्मोन) तयार करतो, तर शरीरात मीठ राखणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक फक्त या बाहेरच्या थरातच तयार होऊ शकते, कारण माणूस, उंदीर अशा प्राण्यांत त्यासाठी लागणारे शेवटचे विकर (एन्झाइम) तेथेच असते. मिठातून मिळणारे सोडियम घटले की मूत्रपिंडातून रेनिन हे विकर स्रवते, त्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक वाढते आणि ते या पेशींना चालना देते. ही संप्रेरके साठवून ठेवलेली नसतात, कोलेस्टेरॉलपासून लागतील तशी घडवावी लागतात. म्हणून आधी कोलेस्टेरॉल पेशींतील तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत) वेगाने पोहोचवले जाते आणि टंचाई काही दिवस टिकली तर त्या शेवटच्या विकराचेच प्रमाण वाढते. प्रयोगशाळेतील उंदरांना सोडियम अत्यल्प असलेला आहार दिल्यास हे विकर असलेल्या पेशींचे कडे रुंदावत जाते. मधल्या थरात मात्र फारसा फरक पडत नाही. मला याहून विलक्षण वाटते ते असे, की या काळात अँजिओटेन्सिनला ग्रंथी अधिक प्रतिसाद देऊ लागते आणि रक्तवाहिन्या मात्र कमी.

मोकळ्या रानातही हेच दिसते. ऑस्ट्रेलियाच्या स्नोई पर्वतातील माती आणि गवत सोडियमच्या बाबतीत फार गरीब आहे. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ डेरेक डेंटन यांच्या गटाने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील रानसशांच्या मूत्रात सोडियम जवळजवळ नव्हते, ग्रंथीचा बाहेरचा थर चांगलाच वाढलेला होता, आणि मिठाच्या द्रावणात भिजवून रोवलेल्या लाकडी खुंट्या ते कुरतडून टाकत.

गाईच्या बाबतीत लाळेला मोठे महत्त्व आहे. ती दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ निर्माण करते आणि एरवी त्या लाळेत सोडियम भरपूर असते. टंचाईत अल्डोस्टेरॉनमुळे त्याची जागा पोटॅशियम घेते, मूत्रातून आणि शेणातून जाणारे सोडियमही घटते. दुधातून लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास जाणारे सोडियम मात्र जातच राहते, त्यामुळे जास्त दूध देणाऱ्या गाईला झळ आधी बसते. ग्रंथीच्या या धडपडीमुळे रक्तातील सोडियम बराच काळ नेहमीसारखेच दिसते, म्हणून केवळ रक्ततपासणीवर विसंबू नये. लाळेतील सोडियम आणि पोटॅशियमचे गुणोत्तर लवकर बदलते.

गव्हाणीत मिठाचा खडा किंवा चाटण वीट ठेवावी आणि पिण्याचे पाणी मुबलक असावे. तरीही चाटणे थांबले नाही, तर फॉस्फरसची कमतरता आहे का, हे पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावे, कारण तिच्यामुळेही जनावरे माती आणि हाडे चघळू लागतात.