सिंगल्स डे ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की व्हॅलेंटाईनला उतारा म्हणून एकटी माणसं जो सिंगल्स डे साजरा करतात त्याला मराठीत 'एकल दिन' म्हटलं तर चालेल का.

एकल नको हो. एकल म्हटलं की 'एकल महिला' आठवते, विधवा, टाकलेल्या, घटस्फोट झालेल्या बायकांसाठी तो शब्द चळवळीतून आणि सरकारी कागदातून रुळलाय, एकल दिन म्हणजे अनुदानाची योजनाच वाटेल. अविवाहित पण नको, कारण लग्न झालेलं नाही पण तीन वर्षं कुणाबरोबर तरी फिरतोय असा माणूस फॉर्मवर अविवाहित असेल, सिंगल कुठेय?

माझं मत सडाफटिंगला. सडा म्हणजे मागे लवाजमा नसलेला. जुन्या कागदांत सडी फौज येते ना, बाजारबुणगे, सामानसुमान मागं टाकून हलकी होऊन निघालेली, तोच हा सडा (दारातल्या शेणसड्याशी संबंध नाही, कुणीतरी विचारणारच). म्हणजे अविवाहित शब्द काय झालं नाही ते सांगतो आणि सडा शब्द माणूस किती मोकळाय ते. अर्थात ह्याच शब्दाचे चटकेपण खाल्लेत, पुण्यात खोली शोधताना मालकीणबाई दार अर्धंच उघडून विचारायच्या, "फॅमिली आहे का सडेच?" आणि सडेच म्हटलं की कडी.

आता गंमत बघा. हा दिवस मूळचा चीनचा, ११ नोव्हेंबर, म्हणजे ११/११, एकाचे चार आकडे ओळीनं उभे (आपला १ वळणदार, इंग्रजी आकडे डोळ्यासमोर आणा). नानजिंग विद्यापीठातल्या पोरांनी १९९० च्या दशकात सुरू केला असं सांगतात, २००९ ला अलीबाबा ह्या चिनी ऑनलाइन खरेदीच्या कंपनीनं त्यावर सेल लावला आणि मग एकटेपण राहिलं बाजूला, खरेदीच सुरू. पण तिकडे बिनलग्नाच्या माणसाला शब्द काय, तर ग्वांगगुन, म्हणजे बोडकी काठी! आणि आपल्याकडे सडाफटिंगचा सख्खा भाऊ आहे सडासोट. सोटा म्हणजे काठीच की, आणि सरळसोट मधला सोट पण त्याच घरचा असावा. कुठं चीन कुठं आपण, पण एकट्या माणसाला बघून दोघांना काठीच आठवली.

कोरियात १४ एप्रिलला ब्लॅक डे असतो, एकटी माणसं काळ्या सॉसमधल्या नूडल्स खातात, तिथे मात्र सडाफटिंग शोभणार नाही, त्यात जरा रड आहे.

राहिला प्रश्न बायकांचा, कारण सडाफटिंग म्हटलं की पुरुषच डोळ्यापुढे येतो. पण माझी आत्या, वय बासष्ट, लग्न केलं नाही, कुठं जायचं ठरलं की सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात उभी. "मी काय बाई, सडीफटिंग, पिशवी उचलली की निघाले."