दस्ता नंतर बदला, आधी रायफल जमा करा

कोथरूडच्या एका वाचकाचं पत्र आलंय. घरात वडिलांची ३१५ बोअरची रायफल आहे, इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातली. लाकडी दस्ता मुठीजवळ चिरलाय. वडिलांनीच कधीतरी त्यावर वायरमनची काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, ती आता सुटत चाललीय. टिंबर मार्केटमधून अक्रोडाचा ठोकळा आणायचा, ओळखीच्या सुताराकडून दस्ता घडवून घ्यायचा आणि घरीच बसवायचा, असा बेत आहे. "मागचा एक लांब बोल्ट सोडला की दस्ता हातात येतो. नळीला हातही लावणार नाही. मग कायद्याची अडचण काय?" असं ते विचारतात. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय: वडील जाऊन १९ महिने झाले, पण परवान्याची मुदत अजून दोन वर्षं शिल्लक आहे.

अशी पत्रं मला सतत येतात. कुणाला दस्ता बदलायचा असतो, कुणाला दुर्बीण बसवायची असते, आणि मूळ मालक हयात नाही हे शेवटच्या ओळीत कळतं. अहो, ती ओळ पहिली लिहायला हवी होती. तुमचा प्रश्न दस्त्याचा नाहीच.

परवाना माणसाला मिळतो, बंदुकीला नाही. वडील गेले त्या दिवशी तो संपला. त्यावर छापलेल्या तारखेला आता काही अर्थ नाही. त्या दिवसापासून तुम्हाला लागू आहे ते शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम २१. हत्यार जवळ ठेवणं कोणत्याही कारणाने बेकायदा झालं, की ते विनाकारण विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. कलमात दिवसांचा आकडा नाही, आणि तिथेच लोक फसतात. आकडा नाही म्हणजे सवड आहे, असं त्यांना वाटतं. तेराव्यापर्यंत थांबलात, तर कुणीही समजून घेईल. १९ महिन्यांचं कारण काय सांगणार? जमा न करणं हा कलम २५(१ब) खाली गुन्हा आहे, आणि विनापरवाना ताबा हा वेगळा गुन्हा, त्याच पोटकलमात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. खास कारण नोंदवून न्यायालय किमान शिक्षेच्या खाली येऊ शकतं, पण तिथवर पोचेपर्यंत तारखांमध्ये किती वर्षं जातात ते मी रोज बघतो.

वडिलांनी २०२२ मध्ये 'मुलाला रायफल दुरुस्तीला नेण्यास परवानगी देत आहे' असं लिहून दिलंय, म्हणता. तशी तरतूद कलम ३ मध्ये खरंच आहे. परवानाधारकाच्या लेखी अधिकाराने दुसरा माणूस दुरुस्तीला बंदूक नेऊ शकतो. पण परवानाधारकच राहिला नाही, तर तो कागद म्हणजे वडिलांच्या हस्ताक्षराची आठवण. जपून ठेवा, पण पोलिसांपुढे ढाल म्हणून धरू नका.

ताब्याच्या गुन्ह्यात खटला चालवायला कलम ३९ खाली पूर्वमंजुरी लागते. स्वतःहून जमा करणाऱ्याच्या बाबतीत ती मागितली जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण घरझडतीत सापडण्यापेक्षा स्वतः जाणं केव्हाही बरं.

तेव्हा या आठवड्यातच जा, पण रायफल पोत्यात गुंडाळून स्कूटरवर टाकून नव्हे. आधी मृत्यूचा दाखला, परवाना आणि लेखी अर्ज घेऊन रिकाम्या हाताने पोलीस ठाण्यात जा, आणि रायफल कशी आणायची ते विचारा. अर्जात मृत्यूची खरी तारीख आणि उशिराचं खरं कारण लिहा. काडतुसं मोजून तीही नोंदवा. कपाटातला जुना डबा लोक हमखास विसरतात. पावतीवर रायफलचा क्रमांक उतरवून घेतल्याशिवाय उठू नका. शक्य असेल तर विक्रेत्याकडे ठेवा, भाडं पडलं तरी चालेल. माझ्या एका अशिलाची बंदूक मुद्देमालाच्या खोलीत चार पावसाळे पडून होती. परत मिळाली तेव्हा नळीत गंज होता आणि दस्त्याला वाळवी.

जमा केलं म्हणजे मोकळे झालात असंही नाही. ठरलेल्या मुदतीत परत घेतलं नाही किंवा विकलं नाही, तर हत्यार सरकारजमा होऊ शकतं. म्हणून वारस म्हणून परवान्याचा अर्ज लगेच करा. शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ मध्ये त्याची सोय आहे. भावा-बहिणींची ना-हरकत आताच घेऊन ठेवा. कोथरूडला राहता म्हणजे पुणे पोलीस आयुक्तालय. वाकडला असतात तर पिंपरी-चिंचवडचं. वडिलांचा परवाना मुळशीच्या पत्त्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेला दिसतो, त्यामुळे फाइल दोन कार्यालयांत फिरेल. परवाना मिळेलच असं नाही. नाही मिळाला तर परवानाधारकाला विकता येते.

आता दस्ता. कलम ५ मध्ये विनापरवाना 'दुरुस्ती' करायला मनाई आहे, आणि शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. मालकाने स्वतःच्या रायफलचा दस्ता बदलणं त्यात बसतं का, यावर वाद घालता येईल. तो वाद तुमच्या जिवावर घालायची माझी इच्छा नाही. परवाना नावावर झाला की दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे द्या आणि पावती घ्या.

सुताराला मात्र आजच फोन करून काम थांबवायला सांगा. मापासाठी रायफल त्याच्याकडे नेली होती का, हे पत्रात लिहिलेलं नाही. नेली असेल, तर पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी सगळे कागद घेऊन एखाद्या फौजदारी वकिलाला भेटा.