अँडीसाठी भरलेली एकेचाळीस पानं

बेळगावच्या वडगावहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. घरचे चार यंत्रमाग. मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, सायन्स, गणित आणि कॉम्प्युटर घेतलेला. पुण्याच्या मावसभावाने दिलेल्या जुन्या स्विचवर (निन्टेन्डो या जपानी कंपनीचं व्हिडिओ गेमचं यंत्र) खेळतो आणि गेले चार महिने दोनशे पानी वहीत काहीबाही लिहीत बसतो. एका रात्री एक वाजता आई उठली, "काय करुलालास रे?" म्हणाली, तेव्हा वही उघडी पडली. वहीभर एकच मागणी: 'ॲडव्हान्स वॉर्स' या डावपेचांच्या खेळातला अँडी, 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या मारामारीच्या खेळात घ्यायलाच हवा. वडिलांनी वही कुरिअरने माझ्याकडे पाठवली आणि सोबत लिहिलं, "मॅडम, बोर्डाची परीक्षा सहा महिन्यांवर आली. हे वेड कसं उतरवायचं तेवढं सांगा."

नमस्कार दादा,

वही मिळाली. एकेचाळीस पानं दोनदा वाचली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: हे उतरवू नका. त्याला वेळ बांधून द्या. असं का म्हणते ते सांगायला मला थोडं खेळात शिरावं लागेल. वहीत काय आहे ते न कळता मुलाबद्दल मत देणं मला जमणार नव्हतं, म्हणून दोन रविवार भाच्याकडे बसून तो खेळ मीही खेळले.

तुम्ही साडीचा काठ आधी चौकटीच्या कागदावर काढता ना? कुठली चौकट भरली की कुठला धागा उचलला जाणार हे ठरलेलं असतं, आणि त्यावरून जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राचे, पत्ते टोचले जातात. ॲडव्हान्स वॉर्सचा नकाशा तसाच चौकटींचा आहे. एका चौकटीत एक तुकडी. पायदळाची तुकडी खेळातल्या पैशांत १००० ला, तोफ ६००० ला, रणगाडा ७००० ला, आणि ताब्यातल्या प्रत्येक शहरामागे दिवसाला १००० मिळतात. पायदळाच्या पूर्ण तुकडीला एक शहर घ्यायला दोन दिवस लागतात. तुकडीची ताकद दहा. मार खाऊन पाच उरली की तिचा माराही तेवढाच उतरतो. म्हणून पहिला घाव कोणी घालायचा यावर अख्खा डाव फिरतो. तुमच्या मुलाने ही सगळी कोष्टकं वहीत हाताने मांडली आहेत, पट्टीने रेघा मारून. कागदावर चौकटी भरायची सवय तुमच्याच घरची आहे.

अँडी हा ऑरेंज स्टार सैन्याचा पोरसवदा सेनापती. मेकॅनिक, हातात मोठा पाना. त्याची खास शक्ती दुरुस्तीची: ती वापरली की सगळ्या तुकड्यांची ताकद दोनाने भरून येते. ही मालिका जपानात १९८८ पासून आहे आणि अँडीचा खेळ २००१ चा. स्मॅश १९९९ मध्ये सुरू झाला. निन्टेन्डोच्या निरनिराळ्या खेळांतली पात्रं त्यात एकमेकांना मंचावरून बाहेर फेकतात. २०१८ च्या खेळात ही पात्रं ऐंशीच्या वर गेली, आणि अँडी त्यांत नाही. हे तुमच्या मुलाला लागलं आहे, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं.

इथून पुढचं थोडं मुलाला वाचून दाखवा. बाळ, आता तुझ्याशी बोलते.

तुझी पहिली बारा पानं मला पटली नाहीत. त्यांत सगळी तक्रार आहे. फायर एम्ब्लेम या डावपेचांच्याच दुसऱ्या मालिकेतले आठ लढवय्ये स्मॅशमध्ये घेतले, तीही ॲडव्हान्स वॉर्स बनवणाऱ्या इंटेलिजंट सिस्टीम्स कंपनीचीच मालिका, मग ॲडव्हान्स वॉर्सला काय मिळालं, तर २००८ च्या स्मॅशमध्ये मदतीला येणारे सैनिक आणि रणगाडे. हे खरं आहे. पण "त्यांना दिलं, आम्हाला का नाही" असं म्हणून कोणी दार उघडत नाही. निवड करणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न वेगळा असतो: हा आला तर आधीच्या कोणाकडे नाही असं काय करेल? तू पाचव्या पानावर पुसट लिहून सोडून दिलंस की फायर एम्ब्लेमचे बहुतेक जण तलवारवाले आहेत आणि अँडीकडे पाना आहे. ते वाक्य तक्रारीतून बाहेर काढ आणि पहिल्या पानावर आण.

दुसरं, तू लिहितोस की अँडी जगभर पुरेसा प्रसिद्ध नाही हीच त्याची अडचण. तसं नाही. २००१ च्या स्मॅशमध्ये मार्थ आणि रॉय आले, तेव्हा फायर एम्ब्लेमचा एकही खेळ जपानबाहेर निघालेला नव्हता. रॉयचा स्वतःचा खेळ तर जपानातही पुढच्या वर्षी, २००२ मध्ये आला. हे दोघे कोण, असं लोक विचारू लागले आणि २००३ मध्ये ती मालिका बाहेरच्या देशांत पोचली. तुझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा हा आहे आणि तो तुझ्या वहीतच नाही.

खरी अडचण अशी, की अँडी स्वतः लढतच नाही. तो नकाशाच्या वर बसून हुकूम देतो. डावपेचांच्या खेळातला माणूस मारामारीत आणायचा तर त्याच्या खेळाचा एखादा नियम सोबत यावा लागतो. हे आधी झालेलं आहे, नीट बघ. 'पिकमिन' या खेळातला ऑलिमार २००८ मध्ये आला. तोही फौज हाकणारा. त्याच्याकडचे पिकमिन नावाचे चिमुकले जीव त्याने फेकायचे, लाल आगीचा, पिवळा विजेचा, जांभळा जड. म्हणजे त्याच्या खेळातली निवड तशीच्या तशी मंचावर आली. रॉबिनची हत्यारं फायर एम्ब्लेममध्ये वापरून संपतात, म्हणून २०१४ च्या स्मॅशमध्येही त्याची विजेची तलवार आणि मंत्रांची पुस्तकं संपतात, आणि ती परत येईपर्यंत त्याला त्यांच्याविना लढावं लागतं. 'ड्रॅगन क्वेस्ट' या आळीपाळीने चालणाऱ्या खेळातला 'हीरो' २०१९ मध्ये आला तो मंत्रांची यादी घेऊनच. ती वाचत बसला तर समोरचा मारून जातो.

आता तुझं एकोणिसावं पान. तिथे मी थांबले आणि शेजारच्या खोलीतून नवऱ्याला बोलावून वाचून दाखवलं. ॲडव्हान्स वॉर्समध्ये तोफ ज्या दिवशी हलते त्या दिवशी डागता येत नाही, आणि तिचा मारा दोन ते तीन चौकटींवर. अगदी शेजारच्या चौकटीतल्या शत्रूला ती काहीच करू शकत नाही. तू त्यावरून लिहिलंस: अँडीने पाना जमिनीत रोवून हुकूम दिला की तोफगोळा येईल, पण तोवर तो जागचा हलणार नाही, आणि गोळा त्याच्यापासून दोन-तीन अंगं दूर पडेल, जवळच्याला लागणारच नाही. खाली चौकटी आखून चित्र काढलंस, जवळच्या चौकटीवर लाल फुली. हा नियमच चाल होऊन आला आहे. असं पान लिहिणाऱ्या माणसाला या धंद्यात गेम डिझायनर म्हणतात, आणि तू ते कोणी न शिकवता लिहिलंस.

सत्ताविसाव्या पानावर मात्र प्रेमाने तुझा हात धरला आहे. अँडी दर दहा सेकंदांनी आपोआप बरा होतो, असं लिहिलंस. समोरच्या खेळाडूने काय करायचं? स्मॅशमध्ये मार शून्यापासून वर चढत जातो आणि जितका चढेल तितका माणूस लांब फेकला जातो. तो आकडा फुकट खाली येत राहिला तर अँडीला कोणी बाहेर काढूच शकणार नाही, आणि त्याच्याशी खेळायला कोणी बसणार नाही. त्याच्या मूळ खेळात दुरुस्तीची शक्ती फुकट नसते, लढाईत मार देऊन-खाऊन ती भरावी लागते. तो नियमही आण. आणि हे बघ, तुझ्या वहीत एक ठिणगी पडून आहे: ॲडव्हान्स वॉर्समध्ये मार खाल्लेली तुकडी दुबळी होते, म्हणजे अँडीला मार बसला की त्याच्या हाकेला येणारे सैनिकही कमी व्हायला हवेत. मग दुरुस्ती कधी वापरायची हा खरा निर्णय होतो. एकेचाळीस पानांत "समोरचा काय करेल" हे शब्द मला दोनदाच दिसले. प्रत्येक चालीखाली ते लिहायला लाग.

दादा, आता पुन्हा तुमच्याशी.

हे काम खेळ बनवणाऱ्या कंपन्यांत असतं. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, बंगळूरला रॉकस्टारचा. पुण्याच्याच एका लहान चमूने केलेला 'राजी' हा खेळ २०२० मध्ये जगभर विकायला गेला. पण मी तुमच्यापासून लपवणार नाही: नुसत्या डिझायनरच्या जागा थोड्या असतात, आणि बहुतेक मुलं खेळ तपासणारे किंवा प्रोग्रामर म्हणून आत जातात. म्हणून त्याचं गणित आणि कॉम्प्युटर सुटता कामा नये. त्याच्या हातात कोड असेल तर कल्पना दाखवायला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही.

वाटा दोन आहेत. एक, केसीईटी ही कर्नाटकची प्रवेश परीक्षा देऊन कॉम्प्युटर सायन्सचं इंजिनिअरिंग. व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकच्या तंत्रशिक्षण विद्यापीठाचं, मुख्यालय आपल्या बेळगावातच, त्यामुळे घरी राहून शिकता येईल अशी कॉलेजं आहेत. महाराष्ट्रात जायचं मनात असेल तर एमएचटी-सीईटी द्यावी लागेल. तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागात शिकलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी उमेदवारीचा वेगळा प्रकार आहे. आपल्याकडचे कितीतरी पालक हे ऐकतात तेव्हा प्रवेश संपलेले असतात. माहितीपुस्तिका निघाली की तो भाग बोट ठेवून वाचा आणि दाखल्यांची धावपळ आधी सुरू करा.

दुसरी वाट डिझाइनची. यूसीड ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत, बारावीला कुठलीही शाखा चालते, आणि लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते. तिच्यात एक भाग हाताने काढायच्या चित्राचा असतो. एकोणिसाव्या पानावरचा हात बघता त्याने ती द्यावीच असं मला मनापासून वाटतं. अर्ज ऑक्टोबरच्या सुमारास सुटतात. म्हणजे गणपती उठले की लगेच बघायला लागा.

एक सावधगिरी. दुकानासारखे उघडलेले गेमिंगचे डिप्लोमा आहेत. निपाणीकडच्या एका मुलीच्या घरच्यांनी कर्ज काढून असाच एक कोर्स घेतला होता. दीड वर्षाने ती माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्याकडे प्रमाणपत्र होतं, पण दाखवायला एकही पुरा झालेला खेळ नव्हता. तिचं रडू मला अजून आठवतं. फी भरायच्या आधी तिथल्या मुलांनी पूर्ण केलेले तीन खेळ मागा आणि ते तिथेच बसून खेळून बघा. टाळाटाळ झाली तर उठून या.

घरचा नियम असा ठेवा. सोमवार ते शनिवार वही तुमच्या कपाटात. रविवारी सकाळी तीन तास तिच्यासाठी, आणि त्या तीन तासांत मागावर हाक मारायची नाही, पाहुणे आले तरी नाही. रात्री एकचं जागरण बंद. मोबाईल काढून घेऊ नका, कारण त्याला शिकायचं सगळं तिथेच आहे. स्मॅश बनवणाऱ्या मासाहिरो साकुराई यांनी २०२२ ते २०२४ या काळात खेळ कसे बनवतात यावर अडीचशेच्या वर छोटे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट ठेवले आहेत. रोज जेवताना एक बघितला तरी पुरे.

आता भाषेचं. वही मराठीत लिहिली याची मला काळजी वाटत नाही, उलट त्याचा विचार कुठे अडखळत नाही तो त्यामुळेच. मराठीत पक्कं झालं की तीच दोन पानं इंग्रजीत लिहायला लावा, कारण कंपनीत तेच मागतील. आणि बंगळूरला जायचं झालं तर गल्लीत शिकलेलं कन्नड त्याच्या कामी येईल.

बाळ, शेवटचं तुला. परीक्षेपर्यंत कॉम्प्युटरवर खेळ बांधायला घेऊ नकोस, ते मे महिन्यात. गोडो नावाचं साधन फुकट मिळतं, त्यात अँडीची एकच चाल आणि समोर एक हलणारा ठोकळा, एवढंच कर. तोवर कागदावर खेळ. चौकटीचा कागद बाबांकडे आहेच. एक बटण अँडी, एक बटण शत्रू, आणि धाकट्या बहिणीला समोर बसव. तिला नियम एकदाच सांग आणि मग गप्प बस. ती कुठे चुकते, कुठे कंटाळते, कुठे हसते, ते लिहून ठेव. आणि एकोणिसाव्या पानावर एक गोष्ट राहिली आहे: हुकूम दिल्यापासून तोफगोळा पडेपर्यंत किती वेळ जातो ते तू लिहिलंच नाहीस. फार लवकर पडला तर चुकवता येणार नाही, फार उशिरा पडला तर कोणालाच लागणार नाही. बहिणीबरोबर वीस डाव खेळ आणि तो आकडा मला कळव.