ड्युशेन असलेल्या मुलाला भूल द्यायची म्हणजे...

प्रश्न : आमचा मुलगा ८ वर्षांचा, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार) आहे. आता हर्निया झालाय. खानापुरातले डॉक्टर म्हणायलेत, इथं भूल देत नाही, बेळगावला मोठ्या हॉस्पिटलात जावा. सासरे म्हणतात अर्ध्या तासाचं काम, निपाणीत ओळखीच्या नर्सिंग होममध्ये करून टाकूया, आजाराची फाईल दाखवली की सगळे घाबरायलेत, दाखवूच नका. काय करायचं ओ डॉक्टर?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, फाईल आधी दाखवा, बाकीचं नंतर. खानापूरच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय, सासऱ्यांना माझं नाव सांगा हवं तर. ऑपरेशन अर्ध्या तासाचंच आहे, पण भीती भुलेची आहे. ड्युशेनमध्ये स्नायूंच्या पेशी आधीच कमजोर, त्यात भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ते सक्सिनिलकोलीन (डॉक्टर लोक स्कोलीन म्हणतात) दिलं की पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय बंद पडू शकतं. सेव्होफ्लुरेनसारखे भुलेचे हुंगायचे गॅसही त्यासाठीच टाळतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत आजार न कळलेल्या मुलांचं असं झालं, तेव्हापासून तिथं स्कोलीनवर ठळक ताकीद छापतात. म्हणून अशा मुलांना शिरेतून प्रोपोफॉल हे भुलेचं औषध, जमलं तर कंबरेखालचा भाग सुन्न करायचं इंजेक्शन, आणि मशीनमधला जुना गॅस आधी धुऊन काढायचा, एवढी तयारी लागते.

बेळगावला जाताना इको (हृदयाची सोनोग्राफी), श्वासाची तपासणी आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. स्टेरॉइड चालू असेल तर स्वतःच्या मनानं बंद करू नका, ऑपरेशनच्या वेळी उलट जास्त डोस लागू शकतो. भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधीच भेटा, टेबलावर नको, आणि लहान मुलांचं आयसीयू आहे का विचारा, कारण त्या रात्री श्वासावर लक्ष ठेवायला लागतं.

आपल्याकडं नात्यात लग्न केलं म्हणून असं झालं असं लगेच बोलतात, ते मनावर घेऊ नका, ड्युशेनचा त्याच्याशी संबंध नाही. जीन एक्स क्रोमोझोमवर असतो, त्यामुळं आजार बहुतेक मुलग्यांना होतो. धाकटा मुलगा किंवा बहिणीचे मुलगे असतील तर त्यांना कधी भूल द्यायची वेळ यायच्या आधीच रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढतं ते) बघून घ्या. आणि ताई, तुम्ही कॅरियर (म्हणजे स्वतःला आजार नसला तरी सदोष जीन असलेली) असाल तर तुमच्याही हृदयावर परिणाम होऊ शकतो, तेव्हा त्याच फेरीत तुमचाही इको करून टाका.